घरच्या रेकॉर्डिंगसाठी ड्रमचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिटार वाजवत स्वतःची गाणी गाणारे एक गृहस्थ घरी रेकॉर्डिंग सुरू करतायत. विंडोजचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढा सरंजाम त्यांच्याकडे आहे. ड्रम वाजवणारं कुणी नाही. ड्रम मशीनचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, मोफतवर भागेल का, ठोके हाताने वाजवायचं पॅड विकत घ्यावं लागेल का, आणि पुढे अभंग-भावगीतं करायची झाली तर त्याच सॉफ्टवेअरवर ठेका लावता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

गायकांसाठी रिदम प्रोग्रॅम करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी थेट सल्ला देतो. आज पैसे खर्च करू नका. एमटी पॉवर ड्रम किट २ हे मोफत प्लगइन, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालणारं वाद्य, रीपरमध्ये टाका. उघडताना ते देणगीची विनंती दाखवतं, ती पाटी पुढे सरकवली की पूर्ण किट वापरायला मिळतं, सोबत पॉप-रॉकचे तयार ग्रूव्हही, म्हणजे वाजवून ठेवलेले ठेके, असतात. त्यावर दोन-तीन गाणी शेवटपर्यंत न्या. ती करताना जिथे हात अडकेल, ती अडचण सोडवणारं सॉफ्टवेअर विकत घ्या. साउंड लायब्ररी किती जीबीची आहे किंवा कुठल्या नावाजलेल्या स्टुडिओत रेकॉर्ड झाली आहे, यावरून निवड करू नका. रिदमचा एक बार, म्हणजे एक आवर्तन, तुम्हाला ज्यात सगळ्यात कमी कटकटीत बदलता येतो ते सॉफ्टवेअर तुमचं. गाणं बसवताना रिदम कितीदा तरी बदलावा लागतो, आणि बदलणं त्रासाचं झालं की माणूस पहिल्या लूपवरच समाधान मानतो. घरी केलेल्या डेमोंचा रिदम सपाट वाटतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

निवडीच्या आधी एक गोष्ट ठरवा: तुमच्या गाण्याला ड्रमर हवाय, मशीन हवंय की ठेका? तिन्ही कामं वेगळी आहेत आणि तिन्ही सारख्याच चांगल्या रीतीने करणारं एक सॉफ्टवेअर मला तरी मिळालेलं नाही.

ड्रमर हवा असेल, म्हणजे खऱ्या किटवर माणूस वाजवतोय असं वाटायला हवं असेल, तर टूनट्रॅकचं ईझीड्रमर ३, एक्सएलएन ऑडिओचं अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स २, स्टीव्हन स्लेट ड्रम्स किंवा टूनट्रॅकचंच मोठं सुपीरिअर ड्रमर ३ या जातीकडे वळायचं. मॅक असता तर गॅरेजबँडमधला ड्रमर फुकटातच मिळाला असता. लिनक्सवर, आणि विंडोजवरही, ड्रमगिझ्मो हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक माइकचा आवाज वेगळा मिळतो, पण किट डाउनलोड करायला मोठे आणि तयार ग्रूव्ह एकही नाही, त्यामुळे सुरुवातीला नको.

मशीन हवं असेल तर गोष्ट वेगळी. १९८० साली रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं, खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेले ठोके, वाजवणारं ते पहिलं ड्रम मशीन. मेमरी इतकी महाग होती की लांब घुमणारे सिंबल त्यात घातलेच नव्हते. त्याच वर्षी रोलँडचं टीआर-८०८ आलं. त्यात नमुना एकही नाही, सगळा आवाज सर्किटमधून तयार होतो. या मशीनचा आपल्या मुंबईशी जुना संबंध आहे: मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडचीच यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठोक्यावर राग वाजवून रेकॉर्ड केले होते. ज्यांना यंत्राच्या आवाजाची ओढ आहे त्यांनी ते जरूर ऐकावं. अशा आवाजासाठी खोल लायब्ररी लागतच नाही. ८०८ चा प्रत्येक ठोका सारखाच असतो, तोच त्याचा बाज. इथे एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्हमधला ड्रम रॅक, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं बॅटरी किंवा मोफतचं हायड्रोजन यांतलं काहीही चालतं. इंटरफेससोबत एबलटन लाइव्ह लाइट मिळालं असेल तर ते आधी उघडून बघा. एफएलची चाचणी आवृत्ती घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की सेव्ह केलेलं काम तिच्यात पुन्हा उघडत नाही.

८०८ च्या किकबद्दल (किक म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम) एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण घरच्या मिक्समध्ये ही चूक सर्रास ऐकू येते. या लांब किकला स्वर असतो. गायकाची पट्टी काळी एक असेल आणि किक भलत्याच स्वरावर असेल तर बेस गढूळ होतो आणि दोष गिटारला दिला जातो. किक पट्टीच्या सा किंवा प वर लावायची. काळी एकचा खालचा सा ३४.६ हर्ट्झच्या आसपास येतो, साध्या स्पीकरवर तो जवळपास नाहीसाच होतो. म्हणून मी त्या पट्टीत किक पंचमावर लावतो, तो ५२ हर्ट्झच्या जवळ पडतो. मोबाइलवर तरीही ऐकू येणार नाही. त्यासाठी किकवर थोडं सॅच्युरेशन द्यायचं, म्हणजे वरचे उपस्वर तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही ठोका कळतो.

तुमचं वर्णन वाचता तुम्हाला ड्रमर हवाय असं मी धरून चालतो. मग सॉफ्टवेअर पारखायचं कसं? कंपनीच्या डेमो गाण्यांवरून मुळीच नाही. ती मुरलेल्या लोकांनी मिक्स केलेली असतात, त्यात कॉम्प्रेशन असतं, रिव्हर्ब असतो, वर झणझणीत गिटार असतात. चाचणी आवृत्ती उतरवा आणि दोन परीक्षा घ्या.

पहिली: एकटा स्नेअर, म्हणजे खाली तारांची जाळी असलेला ड्रम, घ्या. मिडीमध्ये, म्हणजे कुठला ठोका कधी आणि किती जोरात याच्या संगणकी नोंदीत, ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत असतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. २० पासून १२७ पर्यंत चढत जाणारे सोळा ठोके सावकाश टाका आणि कान देऊन ऐका. चांगल्या लायब्ररीत वेगवेगळ्या जोरात वाजवलेले ठोके वेगवेगळे रेकॉर्ड केलेले असतात, त्यामुळे जोर वाढतो तसा आवाजाचा रंगही बदलत जातो: हळू ठोक्यात जाळीची सळसळ, मधल्यात लाकूड, जोरकस ठोक्यात रिमचा कडाका. हलक्या लायब्ररीत एकच ठोका लहान-मोठा होतो. तुम्ही गिटारवर हळुवार गाणी गाता, म्हणजे तुमचं निम्मं काम ३० ते ७० या पट्ट्यात होणार आहे. तिथे आवाज मेलेला असेल तर वरचा कडकडाट कितीही भारी असला तरी तुमच्या काय कामाचा?

दुसरी परीक्षा उलटी. व्हेलॉसिटी सारखीच ठेवून बंद हाय-हॅटचे (पायाने उघडता-मिटता येणारी झांजांची जोडी) सोळा ठोके भराभर टाका. लायब्ररीत एकाच जोराचे अनेक वेगवेगळे नमुने असतील आणि ते आळीपाळीने वाजत असतील तर कानाला हात फिरतोय असं वाटतं. नसतील तर मशिनगनसारखं टरटर ऐकू येतं. हाय-हॅट गाण्यात सगळ्यात जास्त वेळ वाजतो आणि श्रोत्याला कृत्रिमपणाचा वास पहिल्यांदा तिथेच येतो, म्हणून मी किकपेक्षा हॅटवरून सॉफ्टवेअर निवडतो.

या परीक्षेत एमटी पॉवर ड्रम किट मध्यम गुणांनी पास होतं. हळू आवाजात ते थोडं उघडं पडतं. हळुवार गाण्यांसाठी ती उणीव जाणवायला लागली की अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स किंवा ईझीड्रमर घ्यायची वेळ आली असं समजा.

आता एक बार जवळून पाहू, कारण विकतचं सॉफ्टवेअर घेऊनही हे आलं नाही तर निकाल तोच राहतो. टेम्पो ९६, साधा चारचा ठेका, हॅट अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर. हॅटच्या आठ ठोक्यांना मी साधारण असे आकडे देतो: १००, ६२, ८८, ५८, ९६, ६४, ८६, ७०. मात्रेवरचा ठोका भरीव आणि मधला हलका, कारण ड्रमर मात्रेवर काठीच्या दांड्याने मारतो आणि मध्ये टोकाने. पहिल्या मात्रेवर किक ११२, तिसरीच्या आधीच्या अर्ध्यावर ९०, तिसरीवर १०६. स्नेअर दुसरीवर ११० आणि चौथीवर ११६. दुसऱ्या मात्रेच्या शेवटच्या पाव भागात स्नेअरचा एक पुसट ठोका, ३२ च्या जोराचा, जो मिक्समध्ये वेगळा ऐकूही येत नाही पण काढला तर गाणं बसून जातं. स्नेअर आठ-दहा मिलिसेकंद मागे सरकवला की गाणं निवांत वाटतं, तेवढाच पुढे घेतला तर घाई येते. एवढं हाताने केल्यावरच सॉफ्टवेअरचं ह्युमनाइझ बटण थोडंसं वापरायचं. ते बटण आकडे नुसते इकडेतिकडे विस्कटतं, कुठला ठोका भरीव आणि कुठला हलका याची अक्कल त्याला नसते.

आणखी एक तपासणी करा: ड्रमरला दोन हात असतात. एका क्षणी स्नेअर, हॅट आणि क्रॅश ही मोठी झांज असे तीन हाताचे आवाज एकत्र पडले असतील तर त्यातला एक काढा. टॉमवर रोल चालू असताना हॅट वाजत राहणार नाही. क्रॅश पडतो तिथे खाली बहुतेक वेळा किक असते. हे नियम पाळले की फुकटचं किटसुद्धा माणसाने वाजवल्यासारखं वाटायला लागतं.

स्विंगचंही, म्हणजे ठोक्यांच्या झुलत्या चालीचंही, सांगायला हवं. आकडा ५० असेल तर मात्रेचे चारही भाग समान. ५८ केलात तर प्रत्येक जोडीतला दुसरा ठोका थोडा उशिरा येतो. ९६ च्या टेम्पोला हा उशीर २५ मिलिसेकंद भरतो. ६६ ला तो तिनाच्या चालीत (ट्रिपलेट) जातो. हा आकडा एकेका टक्क्याने बदलू देणारं सॉफ्टवेअर घ्या. काहींमध्ये कमी-मध्यम-जास्त एवढंच असतं, तिथे गिटारच्या स्ट्रमिंगशी जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. शक्य असेल तर आधी गिटार क्लिकवर रेकॉर्ड करा आणि ड्रमचा स्विंग तिच्याकडे बघून ठरवा. ईझीड्रमर ३ मध्ये तर गिटारचा ऑडिओ टाकला की त्याला जुळणारे ग्रूव्ह ते स्वतः सुचवतं. ही सोय मला खरोखर कामाची वाटते. गाणं लिहिणाऱ्या पण ड्रमच्या भाषेत विचार न करणाऱ्या माणसाला मी ईझीड्रमर सुचवतो तो यासाठीच. ड्रमचा आवाज स्वतः घडवायचाय त्यांना अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स जास्त रुचतं.

सुपीरिअर ड्रमर ३ बद्दल विचारणारे खूप भेटतात. २०१७ साली आलेलं हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, यात शंका नाही. बेल्जियमच्या गॅलेक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसनबर्ग यांनी रेकॉर्ड केलेली त्याची पूर्ण लायब्ररी २३० जीबीच्या वर जाते. पण ते आवाज कच्चे दिलेले आहेत, त्यांच्यावर इक्यू, कॉम्प्रेशन सगळं तुम्ही करायचं. ते करायला शिकलेल्या माणसासाठी ती दौलत आहे. पहिलं गाणं करणाऱ्याच्या हातात तोच ड्रम ईझीड्रमरपेक्षा फिका वाटेल. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तर नकोच.

खोलीचा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. तुमचा आवाज बेडरूममध्ये, गाद्या-पडद्यांच्या मध्ये रेकॉर्ड होतो, म्हणजे कोरडा. लायब्ररीतला ड्रम मोठ्या हॉलमध्ये रेकॉर्ड झालेला असतो आणि त्या हॉलची घुमण रूम माइकमधून सोबत येते. दोन्ही एकत्र केले की गायक एका जागी आणि ड्रम दुसऱ्या इमारतीत असं ऐकू येतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये रूम माइकचा फेडर वेगळा आहे तेच घ्या, आणि गाण्यात तो बराच खाली आणा. मग आवाज आणि ड्रम दोघांना मिळून एकच छोटा रिव्हर्ब द्या. बाजारातल्या भारी सॉफ्टवेअरनेही न होणारं काम एवढ्याने होतं.

त्याच्याच जोडीला: किक, स्नेअर, हॅट, टॉम, ओव्हरहेड हे वेगवेगळ्या ट्रॅकवर काढता यायला हवेत. रीपरमध्ये प्लगइनच्या मेनूतच मल्टिचॅनल राउटिंग तयार करून देणारा पर्याय आहे, त्याने एका झटक्यात ट्रॅक तयार होतात. प्लगइन फक्त स्टिरिओ देत असेल तरी अडत नाही. मिडीचे नोट सूरानुसार वेगवेगळ्या आयटममध्ये फोडा आणि किक, स्नेअर, हॅट एकेक करून रेंडर करा. वेळ जातो, पण स्नेअरवर हवा तेवढा रिव्हर्ब देऊन किक कोरडी ठेवता येते.

लॅपटॉपचं म्हणाल तर ८ जीबीत काम होतं. लायब्ररी एसएसडीवर ठेवा, रेकॉर्डिंग करताना ब्राउझर बंद ठेवा, आणि ड्रम पक्का झाला की ट्रॅक फ्रीझ करा (त्याचा तयार ऑडिओ करून ठेवा) म्हणजे रॅम मोकळी होते. इंटरफेसच्या कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हरच निवडा, त्याने आवाजाचा उशीर कमी होतो.

पॅड घ्यावं का? माउसने प्रोग्रॅम करणार असाल तर सुरुवातीला काहीच नको. ठोके बोटांनी वाजवून टाकायचे असतील तर लेटन्सी, म्हणजे ठोका मारल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, आड येते. ४४.१ किलोहर्ट्झला बफर १२८ सॅम्पल ठेवला तर तो २.९ मिलिसेकंदांचा होतो, ५१२ ठेवला तर ११.६. वर ड्रायव्हरचा आणि आउटपुटचा वेळ मिळवायचा. एकूण दहाच्या आत राहिलं तर हाताला कळत नाही, वीसच्या पुढे गेलं की वाजवणारा नकळत घाई करू लागतो. वाजवताना बफर १२८, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४, एवढी सवय लावून घ्या.

पण नवीन पॅड घेण्याआधी आजूबाजूला चौकशी करा. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांमुळे गावोगावी ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, आहेत. रोलँडच्या एसपीडी-२० ला मिडी आउट आहे, एसपीडी-३० ला शिवाय यूएसबीही आहे. मित्राकडून चार दिवस आणला तर तोच तुमचा कंट्रोलर. एसपीडी-२० साठी इंटरफेसवर मिडी इन हवं, नसेल तर मिडी-यूएसबी केबल. त्याचा आतला आवाज वापरायचा नाही, फक्त ठोक्यांचे संदेश संगणकात घ्यायचे.

इथे हमखास अडतं ते नोट नंबरावर. पॅडवर मारलं स्नेअर आणि वाजला काउबेल, असा अनुभव येतो. जनरल मिडीच्या पद्धतीत ड्रम दहाव्या चॅनलवर असतात आणि किक ३६, स्नेअर ३८, बंद हॅट ४२, पायाने दाबलेला हॅट ४४, उघडा हॅट ४६, क्रॅश ४९, राइड ५१ असा क्रम असतो. ऑक्टोपॅडच्या प्रत्येक पॅचमध्ये (साठवून ठेवलेल्या मांडणीत) पॅडचे नंबर वेगळे असू शकतात. एक रिकामा पॅच घेऊन त्यातल्या पॅडना हे नंबर द्या आणि तो कायमचा ठेवा. दुसऱ्या बाजूला काही ड्रम प्लगइनचा स्वतःचा नकाशा असतो, तिथे जनरल मिडीचा नकाशा निवडा. स्वराच्या नावाने शोधत बसू नका. ३६ ला यामाहा सी १ म्हणते आणि रोलँड सी २, त्यात वेळ फुकट जातो. एका पॅडवर मारताना शेजारचा पॅड हलून जे चुकार नोट उमटतात ते १०-१५ पेक्षा कमी व्हेलॉसिटीचे असतात, रेकॉर्ड झाल्यावर ते सरसकट उडवा.

आता अभंग आणि भावगीतं. इथे मला ठामपणे सांगायचंय की ड्रमरच्या सॉफ्टवेअरमध्ये तबल्याचे नमुने कोंबून ठेका लावायला जाऊ नका. पहिली अडचण मोजणीची. सोळा घरांच्या मशीनमध्ये चारचा हिशोब पक्का बसलेला असतो. केरवा त्यात मावतो: आठ मात्रा म्हणजे चारच्या एका बारमध्ये अर्ध्या-अर्ध्या बीटवर धा गे ना ती ना क धिं ना. टेम्पो लावताना मात्र बीट कुठला आणि मात्रा कुठली हे ठरवून घ्या, नाहीतर गाणं दुप्पट लयीत उभं राहतं. दादऱ्याला सहाचा बार हवा, रूपकाला सातचा, झपतालाला दहाचा. रूपकाच्या मात्रेचे चार भाग केले तर अठ्ठावीस घरं लागतात. पॅटर्नची लांबी हवी तशी ठेवू देणारंच सॉफ्टवेअर इथे कामाचं. हायड्रोजनमध्ये ती ठेवता येते, फुकट आहे, आणि ठेक्याचा सराव करायलाही छान आहे. रीपरच्या मिडी एडिटरमध्ये तर बार कितीचाही करा.

दुसरी अडचण नादाची, आणि ती जास्त खोल आहे. डग्ग्याचा घे घुमत असतो आणि पुढचा के पडला की ती घुमण तुटते. सॅम्पलरमध्ये दोन्ही नमुने सुटे ठेवले तर के नंतरही घे मागे घुमत राहतो आणि ठेका चिखल होतो. यासाठी दोघांना एका चोक ग्रुपमध्ये टाकावं लागतं, म्हणजे एक वाजला की दुसरा थांबतो, हायड्रोजनमध्ये त्याला म्यूट ग्रुप म्हणतात. उघडा हॅट बंद हॅटने कापला जातो त्याच यंत्रणेचा हा उपयोग आहे. टाळांचंही तेच: मोकळा टाळ आणि दाबलेला टाळ एका ग्रुपमध्ये हवेत, नाहीतर अभंगभर नुसती झांज वाजत राहते. पण डग्ग्यावर तळहात सरकवून जी मींड निघते ती नमुन्यांना पिच बेंड देऊन फार तर सूचित होते, पूर्ण साधत नाही. लग्गी, म्हणजे ठेक्यातलं जलद वादन, लागली की खोटेपणा लपतच नाही.

म्हणून त्यासाठी बनवलेली साधनं घ्या. स्वार सिस्टिम्सचं स्वारप्लग भारतीय वाद्यांसाठीच केलेलं आहे, तालाच्या तयार मिडी तुकड्यांसकट. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची भारतीय वाद्यांची लायब्ररीही आहे, ती कॉन्टॅक्टमध्ये चालते. रियाजाची तबला अ‍ॅप आणि राडेलची तालमाला गायनाच्या सरावाला उत्तम, पण अंतिम गाण्यात त्यांचा एकसुरी ठेका उघडा पडतो. डेमोपुरतं काहीही चालेल.

गाणं लोकांपुढे आणायचं असेल तर मात्र तबलजी किंवा ढोलकीवाला बोलवा. ही चैन आपल्याकडे अजून आवाक्यात आहे, प्रत्येक तालुक्याच्या गावात हात असलेली माणसं आहेत. त्यांचं मानधन द्या आणि गाण्यावर नाव लिहा. तुमच्या इंटरफेसला दोन इनपुट आहेतच. आणखी एक माइक उसना आणा, एक दाएँवर आणि एक डग्ग्यावर, साधारण वीतभर-दीड वीत अंतरावरून, आणि दोन माइकमध्ये त्याच्या तिप्पट तरी अंतर ठेवा म्हणजे दोन माइकचे आवाज एकमेकांना खाण्याचा, फेजचा घोळ कमी होतो. मैफलीत वाजवणाऱ्या बऱ्याच जणांना हेडफोनमधली टिकटिक नकोशी वाटते. त्यांना क्लिकऐवजी तुम्ही प्रोग्रॅम केलेला साधा ठेका आणि कच्चं गाणं ऐकवा. त्यांचा हात लगेच बसतो, आणि तुम्ही केलेला प्रोग्रॅमही वाया जात नाही.

खरेदीबद्दल थोडं. रीपरची ६० दिवसांची चाचणी संपली की वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो, तो आधी घ्या. ड्रम सॉफ्टवेअरच्या किमती नोव्हेंबरअखेर ब्लॅक फ्रायडेच्या सुमारास उतरतात, घाई नसेल तर तोवर थांबा. क्रॅक केलेलं घेऊ नका. ज्यांनी ते आवाज कष्टाने रेकॉर्ड केले त्यांचा पैसा बुडतो, आणि ज्या लॅपटॉपवर तुमची सगळी गाणी आहेत तिथे अनोळखी फाइल चालवली जाते. तयार लूप जसाच्या तसा वापरत असाल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाण्याची मालकी ओळखणाऱ्या यंत्रणेत) गाणं घालताना जपा: तोच लूप इतरांनीही वापरलेला असतो, आणि मग खोटे दावे एकमेकांवर लागतात. लूप नुसता चिकटवण्यापेक्षा त्याचा मिडी घेऊन चार ठोके स्वतःचे केलेत तर तो घोळही टळतो आणि रिदम तुमच्या गाण्याचा होतो.

गाणं पूर्ण झालं की ड्रमच्या प्रत्येक भागाची २४ बिटची वेव्ह फाइल पहिल्या बारपासून रेंडर करून ठेवा, सोबत मिडी फाइल ठेवा आणि फाइलच्या नावातच टेम्पो, ताल आणि पट्टी लिहा. लॅपटॉप बदलला, सॉफ्टवेअरचा परवाना अडला किंवा एखादं प्लगइन नव्या विंडोजवर चालेनासं झालं तरी वेव्ह फाइल कुठेही उघडते. आणि पुढे एखादा ड्रमर भेटलाच तर ती मिडी त्याला ऐकवून कुठला ठोका कुठे हवा हे एका बैठकीत ठरवता येतं.